हिमालयातला फर कसा ओळखावा: इंदूरहून पहाडात जाणाऱ्यांसाठी

इंदूरच्या नर्सरीत ‘क्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत जे झाड मिळतं ते अरौकारिया. त्याचं मूळ घर प्रशांत महासागरातली नॉरफोक आणि न्यू कॅलेडोनिया ही बेटं. हिमालयातल्या फरशी त्याचं नातं फार लांबचं, दोघंही सूचिपर्णी एवढंच. पण हीच आकृती मनात धरून माणूस गर्मीच्या सुट्टीत उत्तराखंडातल्या चोपत्याला किंवा काश्मिरातल्या गुलमर्गला पोचतो आणि समोरच्या प्रत्येक टोकदार झाडाला फर म्हणतो, नाहीतर घोडेवाला सांगेल ते ‘देवदार’ नाव घेऊन परततो. एक भिंग, एक पट्टी आणि नजर कुठे लावायची याची माहिती एवढ्यावर फर खात्रीने ओळखता येतो.

इथे मुख्यतः पश्चिम हिमालयातल्या फरबद्दल सांगितलं आहे. शास्त्रीय नाव अ‍ॅबीज पिंड्रो. त्याच डोंगरांवर आणखी वर त्याचा भाऊबंद अ‍ॅबीज स्पेक्टॅबिलिस असतो, त्याच्याकडे नंतर वळू.

स्थानिक नाव जरूर विचारा आणि वहीत लिहा, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. फरला हिमाचलात ‘तोस’ म्हणतात, गढवालात ‘रागा’, काश्मिरात ‘बुदुल’. ‘मोरिंडा’ हे नाव सर्वांत घोटाळ्याचं. एका खोऱ्यात ते फरचं असतं, पलीकडच्या खोऱ्यात स्प्रूसचं, म्हणजे फरसारख्याच दिसणाऱ्या दुसऱ्या सूचिपर्णी झाडाचं. स्प्रूसचं जुनं शास्त्रीय नावच पिसिया मोरिंडा होतं, त्यामुळे जुन्या वनखात्याच्या पुस्तकांतही ते स्प्रूससाठीच भेटतं. ‘राई’ ऐकलं तर बहुधा स्प्रूस समजा. ‘थुनेर’ ऐकलं तर सावध व्हा, ते यू नावाचं विषारी झाड आहे आणि ते फरच्याच सावलीत वाढतं.

निघण्याआधी

सोबत घ्यायचं सामान थोडं आहे. दहापट मोठं दाखवणारं घडीचं भिंग सोनारांचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. पंधरा सेंटिमीटरची पारदर्शक पट्टी, शिंप्याचा टेप, एक नवं ब्लेड, वही आणि पेन्सिल घ्या. पेन्सिल मुद्दाम सांगतो आहोत, कारण पहाडात दव आणि पावसात पेनची शाई पसरते. ८ बाय ४२ ची दुर्बीण असेल तर उत्तम. फरचे शंकू झाडाच्या अगदी वरच्या फांद्यांवर धरतात आणि दुर्बिणीवाचून ते नीट दिसत नाहीत. उंचीसाठी मोबाईल चालतो, पण अरुंद दरीत जीपीएसची उंची पन्नासेक मीटरने सहज चुकते. जवळच्या बसस्टॉपच्या किंवा मंदिराच्या पाटीवरची उंची पाहून ताळा करून घ्या.

सराव इंदुरातच करता येतो. सुरूची एक हिरवी काडी घ्या. सुईसारखी दिसते खरी, पण ते पान नाही, सांधे असलेली डहाळी आहे. सांध्यावर ओढली की सुटी होते, आणि खरी पानं म्हणजे त्या सांध्याभोवतीचे बारीक दात. मग मोरपंखी घ्या. तिच्यात सुई नाहीच, खवल्यांसारखी पानं चपट्या उभ्या पंख्यांवर चिकटलेली असतात. शेवटी अरौकारिया पाहा. त्याच्या फांद्या खोडाभोवती फेर धरून थरांनी निघतात आणि पानं आत वळलेली, एकमेकांवर चढलेली असतात. तिन्ही झाडांत भिंगातून एकच गोष्ट शोधा: पान काडीला कसं चिकटलं आहे. पुढे फर आणि स्प्रूस यांतला निर्णय याच जागेवर होतो.

झाडाआधी जागा पाहा

फरची उंचीची हद्द साधारण २४०० ते ३७०० मीटर. पसारा ईशान्य अफगाणिस्तानपासून उत्तर पाकिस्तान, काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड असा मध्य नेपाळपर्यंत. अंदाज यावा म्हणून आपल्याकडचे आकडे घ्या. इंदूर सुमारे ५५० मीटरवर आहे, जानापाव ८५४ वर, आणि मध्य प्रदेशातलं सर्वांत उंच ठिकाण धूपगड १३५० वर. राज्याचं सर्वोच्च टोकही फरच्या खालच्या हद्दीपासून हजार मीटर खाली राहतं. म्हणून पचमढीत कोणी फर दाखवला तर तो फर नाही, एवढं झाड न पाहताच सांगता येतं.

उंचीखालोखाल उताराचं तोंड महत्त्वाचं. फरला ओल लागते, खोल माती लागते, आणि हिवाळ्यात जाड बर्फ लागतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावर ऊन कमी पडतं, बर्फ उशिरा वितळतो आणि माती मे महिन्यापर्यंत ओली राहते. फरची दाट राई तिथे असते. त्याच उंचीवर डोंगराला वळसा घालून दक्षिण उतारावर गेलात तर फर विरळ होतो आणि तिथे खर्सू ओक किंवा नुसतं गवत दिसू लागतं. उताराची दिशा अशी काढा: डोंगराकडे पाठ करून, खाली दरीकडे तोंड करून उभे राहा आणि मोबाईलचा कंपास समोर धरा. समोर येणारी दिशा हीच उताराची दिशा. डोंगराकडे तोंड करून मोजलं तर उत्तर बरोबर उलटं येतं, आणि ही चूक वहीत सहसा पकडली जात नाही.

शेजारी कोण आहे तेही पाहा. ऋषिकेशहून वर चढताना आधी चिडाचा पट्टा लागतो, तीन-तीन लांब सुया एका जुडग्यात असलेला पाइन, सुमारे २००० मीटरपर्यंत. तिथे फर शोधण्यात वेळ घालवू नका. मग बांज ओक, मग देवदार आणि पाच सुयांचा कैल. स्प्रूस आणि खर्सू दिसू लागले, जमिनीवर रिंगाळ नावाचा बारीक बांबू आला आणि ओढ्याकाठी मेपलची झाडं दिसली, की फरच्या पट्ट्यात आलात. सोललेल्या पांढऱ्या सालीचं भोजपत्र दिसलं की या पट्ट्याचं वरचं टोक जवळ आलं.

लांबून ओळखण्याच्या खुणा

पूर्ण वाढलेला फर ४० ते ६० मीटर उंच असतो, म्हणजे पंधरा-वीस मजली इमारतीएवढा. खोड जुन्या झाडात दोन-अडीच मीटर रुंद भरतं. आकार अरुंद, खालपासून वरपर्यंत जवळपास सारख्या जाडीचा, वर निमुळता. फांद्या आखूड, आडव्या किंवा जराशा खाली झुकलेल्या. या बांध्यामुळे बर्फ फांद्यांवर साठून न राहता घसरून पडतो. रंग गडद, दुरून काळपट हिरवा. समोरच्या उतारावर काळसर दिसणारा टोकदार पट्टा बहुधा फरचा.

स्प्रूसच्या मुख्य फांद्या आडव्याच असतात, पण त्यांच्या बारीक डहाळ्या झालरीसारख्या सरळ खाली लोंबतात. वारा आला की ही झालर हलते. फरमध्ये झालर नसते. देवदाराच्या फांद्या पसरट थरांनी वाढतात आणि तरुण देवदाराचा शेंडा एका बाजूला वाकलेला असतो.

लांबच्या ओळखीत दोन धोके आहेत. पहिला, तरुण स्प्रूस. तो झालर धरत नाही आणि फरसारखाच दिसतो. दुसरा, छाटलेली झाडं. गावाजवळ जनावरांच्या अंथरुणासाठी आणि जळणासाठी फांद्या तोडतात, मग कोणतंही झाड खांबासारखं अरुंद दिसतं. म्हणून लांबून बांधलेला अंदाज वहीत ‘अंदाज’ म्हणूनच लिहा.

सालीवरून वय कळतं, जात तेवढी कळत नाही. कोवळ्या खोडाची साल करडी, चकचकीत, गुळगुळीत असते आणि तिच्यात राळेचे छोटे फोड असतात. म्हाताऱ्या झाडाची साल गडद करडी-तपकिरी होते आणि तिच्यावर उभ्या खोल भेगा पडतात.

डहाळी हातात आल्यावर

खरी ओळख इथे होते, म्हणून इथे वेळ द्या. डहाळी झाडावरून तोडू नका. वाऱ्याने आणि बर्फाने पडलेल्या हिरव्या डहाळ्या फरच्या बुडाशी नेहमी सापडतात. चोपत्याभोवतीचं जंगल केदारनाथ अभयारण्याला लागून आहे, आणि घांघरियाच्या वर फुलांच्या घाटीचं राष्ट्रीय उद्यान आहे. राखीव क्षेत्रातून झाडपाला उचलून नेणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यात बसत नाही. तिथेच पाहा, मापा, फोटो काढा आणि तिथेच ठेवून द्या. पडलेली डहाळी शेजारच्या झाडाची असू शकते, हे ध्यानात असू द्या. खालची जिवंत फांदी हाताशी येत असेल तर तोडण्याऐवजी वाकवून पाहा.

प्रथम सुया एकेकट्या आहेत की जुडग्यात ते पाहा. दोन, तीन किंवा पाचच्या जुडग्यात असतील तर पाइन. आखूड खुंटावर वीस-तीस सुयांचा झुबका असेल तर देवदार. इथे बरेच जण फसतात, कारण देवदाराच्या या वर्षीच्या नव्या लांब काडीवर सुया एकेकट्याच असतात. काडीवरून मागच्या वर्षीच्या लाकडापर्यंत या. तिथे झुबके सापडले तर देवदार, तिथेही एकेकट्या असतील तर पुढची कसोटी लावा.

एक सुई अंगठा आणि तर्जनीत धरून फिरवा. स्प्रूसची सुई चौकोनी असते, बोटांत गोल फिरते आणि टोकाला टोचते. फरची सुई चपटी, ती फिरत नाही, नुसती उलटते.

मग ती काडीपासून हळूच ओढा आणि जागा भिंगाखाली धरा. फरचं पान निघालं की काडीवर गोल, सपाट, गुळगुळीत वण राहतो, आणि पानाचं बूडही रबरी चकतीसारखं रुंदावलेलं असतं. स्प्रूसचं प्रत्येक पान काडीच्या उंचवट्यावर, एका छोट्या खुंटीवर बसलेलं असतं. पान गेलं तरी खुंटी राहते, म्हणून पानं झडलेली स्प्रूसची काडी कानशीसारखी खरखरीत लागते. फरच्या उघड्या काडीवरून बोट सरळ सरकतं. फार जोरात ओढू नका. सालीची पट्टी पानासोबत सोलून येते आणि ती खुंटीसारखी दिसते. सर्वांत जास्त चुकीचे निष्कर्ष इथेच निघतात.

डहाळी वाळलेली असेल तर आणखी एक पुरावा आयता मिळतो. स्प्रूसची वाळकी डहाळी हलवली की सुया झरझर गळतात, फरच्या बराच काळ टिकून राहतात.

आता लांबी. पिंड्रोची पानं फरच्या साऱ्या जातींत सर्वांत लांब पानांपैकी आहेत, ४ ते ९ सेंटिमीटर. एक पान मोजून थांबू नका. काडीच्या मधल्या भागातली दहा पानं मोजा आणि सर्वांत लहान, सर्वांत मोठं आणि सरासरी अशी तीन मापं लिहा. काडीच्या टोकाची आणि बुडाची पानं नेहमी आखूड असतात. फांदी सावलीतली होती की उन्हातली तेही लिहा. सावलीतल्या खालच्या फांदीवर पानं लांब आणि दोन्ही बाजूंना भांग पाडल्यासारखी पसरलेली असतात. वरच्या उन्हातल्या फांदीवर ती आखूड, जाड आणि वर वळलेली असतात. एकाच झाडाच्या दोन फांद्या दोन जातींच्या वाटाव्यात इतका हा फरक असतो.

पानाची वरची बाजू चकचकीत गडद हिरवी, मधोमध एक बारीक पन्हळ. खालच्या बाजूला मधल्या शिरेच्या दोन्हीकडे एकेक फिका पट्टा. या पट्ट्यांतच पानाची श्वासछिद्रं असतात, आणि त्यांच्यावरच्या मेणामुळे ते पांढुरके दिसतात. पिंड्रोत हा पांढरेपणा मंद असतो. बोटाने चोळू नका, मेण पुसलं की पट्टा दिसेनासा होतो. टोकाला भिंग लावलं की दोन बारीक दात दिसतात, टोक मधे चिरल्यासारखं.

शेवटी पान ब्लेडने आडवं कापा. भिंगातून कापलेल्या जागी राळेचे दोन थेंबासारखे ठिपके दिसतात, आणि चुरगळलं तर राळेचा वास येतो. हे ठिपके पुढे थुनेर ओळखायला कामी येतात.

शंकू

‘शंकू वर उभा तो फर, खाली लोंबता तो स्प्रूस’ हा नियम सगळीकडे सांगतात. तो अर्धाच आहे. देवदाराचे शंकूही फांदीवर उभेच असतात आणि फरसारखेच झाडावरच फुटतात. उभा शंकू पाहून फक्त स्प्रूस बाद करता येतो. फर की देवदार हे सुयांवरून ठरवा, किंवा शंकूच्या आकारावरून. देवदाराचा शंकू पिंपासारखा फुगीर, फरचा लांबट दंडगोल, ९ ते १६ सेंटिमीटर लांब आणि ४ ते ६ सेंटिमीटर जाड, कोवळा असताना गडद जांभळा. तो जांभळा रंग एकदा दुर्बिणीतून पाहिला की पुन्हा चूक होत नाही.

फरच्या झाडाखाली अख्खा पिकलेला शंकू शोधू नका, कारण तो मिळणार नाही. पिकल्यावर त्याचे खवले आणि पंखांचं बी वरच सुटं होऊन गळतं आणि फांदीवर नुसता मधला कणा मेणबत्तीसारखा उभा राहतो. बुडाशी लांबट, अख्खा, तपकिरी चकचकीत शंकू पडलेला असेल तर तो शेजारच्या स्प्रूसचा. पंख्याच्या आकाराचे सुटे खवले असतील तर ते फरचे किंवा देवदाराचे.

कोणत्या महिन्यात काय दिसेल तेही माहीत हवं. परागकण एप्रिल-मेमध्ये सुटतात. नर शंकू बारीक असतात, फांद्यांच्या खालच्या बाजूला, आणि ते खूप लवकर गळतात. मादी शंकू त्यानंतर पाच ते सात महिन्यांत पिकतो. म्हणजे आपल्या गर्मीच्या सुट्टीत जाणाऱ्याला काडीच्या टोकाला फिकट हिरवी नवी पालवी, फांद्यांवर मागच्या वर्षीचे उभे कणे, आणि जूनच्या पुढे नवे जांभळे शंकू दिसतात. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर खवल्यांचा सडा मिळतो. शंकू पाहायचे असतील तर सप्टेंबर सर्वांत चांगला, पाऊस ओसरलेला असतो आणि शंकू अजून फुटलेले नसतात. प्रत्येक झाड दर वर्षी शंकू धरत नाही. पूर्ण राईत एकही शंकू नाही म्हणून ती फरची नाही असं ठरवू नका.

दोन फर वेगळे करणं

३००० मीटरच्या आसपास पिंड्रोसोबत स्पेक्टॅबिलिस दिसू लागतो आणि वृक्षरेषेपर्यंत, म्हणजे जिच्या वर झाडं वाढत नाहीत त्या उंचीपर्यंत जातो. याची पाने आखूड असतात, खालचे पट्टे खडूसारखे पांढरे असतात आणि झाडाचा माथा जुनेपणी रुंद, चपटा होतो. पण निर्णय काडीवर होतो. या वर्षीची काडी भिंगाखाली धरा. पिंड्रोची काडी करडी-गुलाबीसर किंवा फिकट तपकिरी आणि गुळगुळीत. स्पेक्टॅबिलिसची काडी लालसर तपकिरी, तिच्यावर खोल पन्हळी, आणि पन्हळींत लालसर लव. लव जुन्या काडीवर झिजते, म्हणून नवीच काडी पाहा.

या पट्ट्यात मधल्या लक्षणांची झाडं भेटतात. काडी गुळगुळीत पण पानं आखूड, अशा कोरड्या थंड खोऱ्यांतल्या झाडांना काही वनस्पतिशास्त्रज्ञ पिंड्रोचाच आखूड पानांचा प्रकार मानतात, काही गॅम्बलचा फर म्हणून वेगळी जात करतात. अशा झाडाची मापं आणि फोटो घ्या आणि नावाची जागा कोरी ठेवा. जबरदस्तीने नाव दिलेली नोंद पुढच्याला कोऱ्या नोंदीपेक्षा जास्त महागात पडते.

सिक्कीम किंवा सांदकफूला जाणाऱ्यांनी हे वर्णन तिथे लावू नये. तिथला फर वेगळा, अ‍ॅबीज डेन्सा. त्याच्या पानांच्या कडा खाली गुंडाळलेल्या असतात.

कुठे पाहाल

इंदूरहून काश्मीरच्या वाटेवर जाणाऱ्यांना महूहून सुटणारी मालवा एक्स्प्रेस कटऱ्यापर्यंत नेते. गुलमर्ग (२६५० मीटर) हे फर पाहण्याचं सर्वांत सोपं ठिकाण, कुरणाच्या कडेलाच राई आहे. चारधामला निघालेल्यांनी एक दिवस चोपत्यासाठी राखून ठेवावा. २७०० मीटरच्या आसपास फर आणि खर्सू, आणि तुंगनाथच्या (३६८० मीटर) वाटेवर तीनेक किलोमीटरमध्ये जंगल संपून बुटका बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि कुरण लागतं. वृक्षरेषा एका चालीत ओलांडायला मिळते. घांघरिया (३०५० मीटर) फरच्या जंगलातच वसलं आहे. हिमाचलात नारकंडा ते हाटू हा चढ उत्तम, कारण तिथे स्प्रूस आणि फर शेजारी-शेजारी उभे आहेत आणि डहाळ्यांची तुलना दहा पावलांत होते. पहिल्यांदा शिकणाऱ्याने हाटूलाच जावं असं आमचं मत. गंगोत्रीला मात्र फरची अपेक्षा घेऊन जाऊ नका, तिथे देवदार आणि कैल यांचं राज्य आहे.

जुन्या राईत गेलात तर खाली फरची रोपं किती आहेत तेही मोजा. दहा पावलं लांब आणि दहा पावलं रुंद चौकोन आखा आणि गुडघ्याखालचे, कमरेखालचे, त्याहून उंच असे वेगळे मोजा. फरचं रोप सावली सोसतं, पण पहिली काही वर्षं फार हळू वाढतं. जमिनीवर न कुजलेल्या पानांचा जाड थर असेल तर रोपाचं मूळ खालच्या मातीपर्यंत पोचण्याआधीच उन्हाळ्यात वाळतं. वर गुरं चरत असतील किंवा रिंगाळ माजलेला असेल तर उरलेलीही जातात. म्हणूनच प्रचंड म्हातारी झाडं आणि खाली एकही तरुण नाही, अशा राया दिसतात. अशा राईची नोंद फार मोलाची आहे.

मापं आणि नोंद

खोडाचा घेर छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर घ्या. उतारावर झाडाच्या वरच्या बाजूच्या जमिनीपासून ही उंची मोजतात. खालच्या बाजूने मोजलं तर टेप बुंध्याच्या रुंद भागावर जातो आणि घेर फुगतो. घेराला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो.

उंचीसाठी आपल्या हाताच्या लांबीएवढी काठी घ्या, म्हणजे डोळ्यापासून मुठीपर्यंतच्या अंतराएवढी. हात समोर ताठ धरून काठी उभी धरा आणि मागे जात राहा. काठीचं खालचं टोक बुंध्याशी आणि वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. तुमच्यापासून झाडापर्यंतचं अंतर तेवढीच झाडाची उंची. मागे जाताना उतारावर खाली-वर न जाता डोंगराच्या कडेने आडवं चला, नाहीतर उत्तर बरंच चुकतं.

फोटो सहा काढा: माणसासह पूर्ण झाड, पट्टी लावून साल, काडीची वरची बाजू, काडीची खालची बाजू, सुटं पान दोन्ही टोकं दिसतील असं, आणि शंकू किंवा खवला. खालच्या बाजूचा फोटो लोक हमखास विसरतात, आणि घरी आल्यावर नाव ठरवायला तोच लागतो.

इंदुरात लावता येईल का?

नाही. ऑनलाइन बी मिळतं, म्हणून हा प्रश्न येतो. फरला लांब थंडी, थंड आणि निचऱ्याची माती आणि दमट हवा लागते. आपल्याकडे मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि पावसाळ्यात काळी माती मुळाशी पाणी धरून ठेवते. रोप एखादा हिवाळा तग धरतं आणि उन्हाळ्यात जातं.

इंदूरच्या सियागंज बाजारातलं तालीसपत्र

फरशी आपला जुना घरगुती संबंध खोकल्याच्या तालीसादि चूर्णातून येतो. त्यात मिरे, सुंठ, पिंपळी, वंशलोचन, वेलची, दालचिनी आणि साखरेसोबत जे तालीसपत्र पडतं ते अधिकृत आयुर्वेदिक औषधकोशात फरचं पान आहे, स्पेक्टॅबिलिसचं, ज्याचं जुनं नाव अ‍ॅबीज वेबियाना. पण बाजारात त्याच नावाने थुनेरचं पानही विकलं गेलं आहे, आणि थुनेर विषारी आहे.

काष्ठौषधींच्या दुकानातून आणलेली चिमूटभर पानं गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवा म्हणजे ती उलगडतात. मग भिंग लावा. फरच्या पानाला खाली दोन पांढुरके पट्टे, टोक चिरलेलं, बूड गोल चकतीसारखं, आणि आडवं कापल्यावर राळेचे दोन ठिपके. थुनेरचं पान दोन-तीन सेंटिमीटर, चपटंच, पण टोक अणकुचीदार, खालची बाजू पिवळट हिरवी, बूड बारीक होत देठासारखं झालेलं, आणि कापल्यावर राळेचा एकही ठिपका नाही. चोळून वासही येत नाही.

जंगलात थुनेर याहून सोपा. साल लालसर, पातळ पापुद्र्यांनी सुटणारी, उंची फरच्या निम्म्याहून कमी, आणि शरदात शंकूऐवजी लाल, मांसल, पेल्यासारखं फळ, ज्याच्या तळाशी बी उघडं दिसतं. मुलं सोबत असतील तर हे फळ त्यांना आधीच दाखवून ठेवा. लाल गर गोड लागतो, पण आतलं बी आणि पानं घातक आहेत. गोळा केलेल्या पानांचं चूर्ण घरी करू नका. दुकानातल्या पुडीत एक जरी टोकदार, बिनपट्ट्याचं पान निघालं तर ती पुडी पूर्ण बाजूला ठेवा आणि वैद्यांना दाखवा. एकाच पोत्यात दोन्ही पानं मिसळलेली असू शकतात, त्यामुळे वरची दहा पानं बरोबर निघाली म्हणून खालची बरोबर असतील असं धरता येत नाही.